आधी वजनकाटा, मग इंजिन: पंचावन्नच्या शेवरले गॅसरसाठी कुठलं इंजिन घ्यावं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. १९५५ ची दोन दारांची शेवरले २१० तुमच्या हाती आली आहे. पुढचं सस्पेन्शन काढून स्ट्रेट अ‍ॅक्सल, म्हणजे दोन्ही चाकं जोडणारा एकसंध आस, बसवायचा, नाक वर ठेवायचं आणि साठच्या दशकातली वाटेल अशी गॅसर, म्हणजे पेट्रोलवर धावणारी जुन्या धाटणीची ड्रॅग रेसची गाडी, उभी करायची. इंजिनं तीन मिळताहेत (आकडे इंजिनाच्या आकारमानाचे, घन इंचांत): शेवरलेचं ३२७ स्मॉल ब्लॉक, ऑल्ड्समोबिलचं ३९४ आणि क्रायस्लरचं १९५७ चं ३९२ हेमी, त्यावर ६-७१ ब्लोअरसकट, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या पंपासकट. पैसा एकदाच घालता येणार आहे, आणि मित्रमंडळींतला प्रत्येक जण वेगळं सांगतोय.

माझं उत्तर: ३२७ घ्या, पण ३२७ म्हणून बांधू नका. त्यात शेवरलेच्याच जुन्या २८३ इंजिनाचा क्रँक (पिस्टन ज्याला फिरवतात तो दांडा) घालून ते ३०२ करा, मागे चार गिअरचा हाताने बदलायचा गिअरबॉक्स लावा. का, ते आता सविस्तर सांगतो. मी बोअरिंगच्या मशिनवर हात बसवला कोल्हापूरच्या उद्यमनगरात, आणि गेली चोवीस वर्षं ओहायोत जुनी अमेरिकन व्ही-८ इंजिनं बांधतोय. तुमच्या तिन्ही पर्यायांतलं प्रत्येक इंजिन मी बांधलंय, आणि तिन्हींवर माझा जीव आहे. त्यामुळे एकाला हो म्हणताना दुसऱ्याला कमी लेखायचं नाही, एवढं आधीच सांगून ठेवतो.

हे वाचणाऱ्या इतरांसाठी एक खुलासा. अमेरिकेत पेट्रोलला 'गॅस' म्हणतात. नॅशनल हॉट रॉड असोसिएशन ही संस्था वॉली पार्क्स यांनी १९५१ मध्ये काढली, आणि पुढे त्यांनी ड्रॅग रेसिंगमध्ये, म्हणजे सरळ धावपट्टीवरच्या दोन-दोन गाड्यांच्या शर्यतीत, 'गॅस' नावाचे वर्ग आखले. साधी कंपनीची बॉडी, रस्त्यावरच्या गाडीला लागतं तसं सामान, आणि इंधन फक्त पेट्रोल. अल्कोहोल नाही, नायट्रोमिथेन नाही. त्या वर्गात धावणारी गाडी ती गॅसर.

या सगळ्यात इंजिनाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट म्हणजे वर्ग कसा ठरायचा ती. गाडीचं वजन पाउंडांत घ्यायचं आणि इंजिनाच्या घन इंचांनी भागायचं. येणाऱ्या आकड्यावर ए, बी, सी, डी. ब्लोअर असेल तर वेगळी रांग. म्हणजे मोठं इंजिन टाकलं की गाडी फुकटात जोरात पळते असं या खेळात कधीच नव्हतं. मोठं इंजिन टाकलं की तुम्ही वरच्या वर्गात जाता, आणि तिथे तुमच्यासमोर तेवढंच मोठं इंजिन पण तुमच्यापेक्षा खूप हलकी गाडी घेऊन कुणीतरी उभं असतं.

तुमच्या गाडीचा हिशोब मांडून बघू. फायबरचं पुढचं टोक वगैरे लावून ती स्मॉल ब्लॉकसकट ३,००० पाउंडांवर आली असं धरा. ३०२ घन इंचांनी भागलं तर ९.९३. तीच ३२७ ठेवली तर ९.१७. ऑल्ड्सचं इंजिन स्मॉल ब्लॉकपेक्षा दीडशे पाउंड तरी जड, म्हणून ३,१५० भागिले ३९४, म्हणजे ८ च्या आसपास. हेमी तर एकटंच ७५० पाउंडांच्या घरात जातं, स्मॉल ब्लॉक साडेपाचशेच्या. वर ब्लोअर, त्याचं मॅनिफोल्ड, पट्टा, पुल्या. तीनशे पाउंड सहज वाढतात. ३,३०० भागिले ३९२ म्हणजे ८.४२. आता त्या आकड्याला जुन्या काळी तुमच्या शेजारच्या लेनमध्ये कोण यायचं? विलीज कूपे. १९३३ ची किंवा १९४१ ची. ती मुळातच लहान आणि हलकी गाडी. पंचावन्नची शेवरले ११५ इंच व्हीलबेसची (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर), भरल्या अंगाची गाडी आहे. हेमी घालून ती विलीजच्या पंगतीला बसवायची म्हणजे सुरुवातीलाच मागे राहणं.

आज तुम्ही ज्या नॉस्टॅल्जिया मेळाव्यांना जाल तिथले नियम सरसकट तेच नाहीत. काही ठिकाणी ठरावीक वेळेचे वर्ग असतात, काही संघटना १९६७ पर्यंतचीच घडण मागतात. आधी तुमच्या भागातलं नियमपुस्तक नीट वाचा. पण जुन्या भागाकाराची शिस्त पाळून बांधलेली गाडी कुठल्याही नियमात चांगलीच पळते. कारण त्या भागाकारामागे वजन आणि पकड यांचं खरं गणित आहे.

पकडीचं बोलू. गॅसरचं नाक वर का? दिसायला भारी म्हणून नव्हे. त्या काळचे मागचे स्लिक, म्हणजे नक्षी नसलेले, टायर अरुंद आणि कडक रबराचे. गाडी सुटताना जेवढं वजन मागच्या चाकांवर जाईल तेवढी पकड. किती वजन मागे सरकतं हे गुरुत्वमध्य जमिनीपासून किती उंच आहे आणि व्हीलबेस किती आहे यावर ठरतं. म्हणून लोकांनी अख्खी गाडी उचलली, इंजिन वर घेतलं. त्यावरही बंधन होतं: क्रँकचा मध्य जमिनीपासून २४ इंचांच्या वर न्यायचा नाही. आणि इंजिन मागे ढकलायलाही मर्यादा होती, व्हीलबेसच्या १० टक्के. तुमच्या गाडीत ते साडेअकरा इंच होतात. पुढे टायर सुधारले तशा गाड्याही खाली आल्या.

आता याच गाडीच्या नाकावर दोनशे ते तीनशे पाउंड जास्तीचं लोखंड ठेवा. ते वजन मागे सरकायच्या आधी पुढे बसलेलं असतं, आणि स्ट्रेट अ‍ॅक्सलच्या साध्या पाट्यांवर बसलेलं असतं. धावपट्टीच्या शेवटी पॅराशूट नसलेल्या, ड्रम ब्रेकच्या गाडीत तुम्हाला थांबायचंही असतं. जड नाकाची उंच शेवरले ब्रेक दाबल्यावर कशी डुलते हे मी प्रवाशाच्या जागेवर बसून अनुभवलंय, आणि तेव्हापासून गाडीवाल्याला इंजिनाच्या वजनाबद्दल विचारायचं मी सोडलेलं नाही.

ऑल्ड्समोबिलबद्दल जरा थांबून बोलायला हवं, कारण तुमच्या प्रश्नात त्या इंजिनाकडे ओढा दिसतोय आणि तो मला समजतो. १९४९ मध्ये ऑल्ड्सचं ३०३ घन इंचांचं 'रॉकेट' आलं तेव्हा अमेरिकेतल्या पोरांच्या हाती फोर्डचं जुनं फ्लॅटहेड होतं, ज्यात वाल्व्ह ब्लॉकमध्येच असायचे. रॉकेटमध्ये वाल्व्ह डोक्यावर आले, आणि एका झटक्यात श्वास मोकळा झाला. ते १९५४ मध्ये ३२४ झालं, १९५७ मध्ये ३७१, १९५९ मध्ये ३९४. जाड भिंतींचा ब्लॉक, दणकट क्रँक. भंगारात स्वस्त मिळायचं. स्टोन, वुड्स आणि कुक यांची १९४१ ची विलीज, जी बहुधा इतिहासातली सगळ्यात नावाजलेली गॅसर आहे, ती सुरुवातीला ब्लोअर लावलेल्या ऑल्ड्सवरच धावली. फ्रेड स्टोन आणि टिम वुड्स हे दोघे कृष्णवर्णीय मालक, डग कुक गोरा चालक, आणि काळ साठच्या दशकाच्या सुरुवातीचा. त्या गाडीचं मोल नुसत्या वेळेत मोजता येत नाही.

पण ऑल्ड्स ३९४ चा स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वर-खाली धाव, ३.६८७५ इंच आहे. मिनिटाला ६,५०० फेऱ्यांवर त्याच्या पिस्टनचा सरासरी वेग मिनिटाला ४,००० फुटांच्या जवळ जातो. तोच वेग ३ इंच स्ट्रोकच्या ३०२ ला गाठायला ८,००० फेऱ्या लागतात. म्हणजे पिस्टन, रॉड आणि पिनवर येणारा ताण जिथे धोक्याच्या रेषेला टेकतो, तिथवर ३०२ ला दीड हजार फेऱ्या जास्त मिळतात. ब्लोअर न लावता ताकद काढायची असेल तर हवा जास्त वेळा आत घ्यावी लागते, आणि जास्त वेळा घ्यायची म्हणजे फेऱ्या हव्यात. ऑल्ड्सची ताकद खालच्या फेऱ्यांत आहे. तुमच्या अरुंद टायरला सुटतानाचा तो जोर पेलतच नाही. चाक फिरतं, धूर निघतो, लोक टाळ्या वाजवतात, आणि शेजारची गाडी पुढे निघून जाते. शिवाय आज त्याचे चांगले पिस्टन, कॅम (वाल्व्ह उघडणारा दांडा), मॅनिफोल्ड मिळवणं म्हणजे महिनोन् महिने वाट पाहणं. कुणाला फक्त ऑल्ड्सच हवं असेल तर मी आनंदाने बांधून देतो, ते सुरू झालं की त्याचा आवाज ऐकायला दुकानातली सगळी कामं थांबतात. पण पहिली गॅसर, एकदाच पैसा, अशा माणसाला ते मी घ्यायला सांगणार नाही.

हेमीबद्दल लोकांचा एक ठाम समज असतो की ते सगळ्यात ताकदवान, विषय संपला. ब्लोअर लावला तर हे बरंच खरं आहे. क्रायस्लरचं हेमी १९५१ मध्ये ३३१ घन इंचांचं आलं, १९५६ मध्ये ३५४, आणि १९५७ व ५८ ला ३९२. हेडमधली, म्हणजे सिलिंडरवरच्या झाकणातली, पोकळी अर्ध्या गोळ्यासारखी. त्यामुळे मोठे वाल्व्ह समोरासमोर तिरके बसतात, हवा एका बाजूने आत येते आणि दुसऱ्या बाजूने बाहेर जाते, प्लग जवळजवळ मध्यावर. ब्लोअर लावलेल्या इंजिनात काँप्रेशन (सिलिंडरमधलं मिश्रण किती पट दाबलं जातं ते) मुळातच कमी ठेवायचं असतं, साधारण ८ ला १ च्या आसपास, म्हणून पिस्टनचा माथा जवळपास सपाट चालतो. सपाट पिस्टन, मोकळी अर्धगोल पोकळी, मध्यावरून निघालेली ज्योत. हे तिन्ही जुळलं की हेमीला तोड नाही. म्हणूनच स्टोन-वुड्स-कुकही पुढे ऑल्ड्स सोडून क्रायस्लरकडे गेले. 'बिग जॉन' मॅझमानियन यांची लालभडक विलीजही हेमीवरच. दोघांच्या चढाओढीत कॅम बनवणारेही उतरले, स्टोन-वुड्स-कुकच्या मागे एंगल आणि मॅझमानियनच्या मागे इस्केंडेरियन, आणि मासिकांतल्या जाहिरातींतून एकमेकांना आव्हानं देणं चालायचं.

ब्लोअर काढा आणि मग बघा. आता ११ ला १ काँप्रेशन हवं असेल तर ती मोठी अर्धगोल पोकळी भरून काढायला पिस्टनवर डोंगराएवढा घुमट द्यावा लागतो. ज्योतीच्या वाटेतच डोंगर उभा. पोकळीचा आकार बिघडतो, ज्वलन मंदावतं, पिस्टन जड होतो. हेमीचं जे वैभव तेच आपण हाताने बुजवलेलं असतं. म्हणून बिनब्लोअरचं ३९२ हे मला कधीच पटलेलं नाही.

मग ब्लोअरसकट का नको? ६-७१ हा मुळात जनरल मोटर्सच्या टू-स्ट्रोक डिझेल इंजिनाचा भाग, सहा सिलिंडर आणि प्रत्येकी ७१ घन इंच म्हणून ६-७१. तिथे त्याचं काम जळका धूर ढकलून ताजी हवा भरणं एवढंच होतं. तो हवा दाबतो तेव्हा ती चांगलीच तापवतो. अल्कोहोलवर चालणाऱ्या इंजिनात इंधनच ती हवा थंड करतं. गॅसरमध्ये पेट्रोल. पेट्रोलची तेवढी थंड करण्याची ताकद नाही. पट्टा जरा जास्त वेगाने फिरवला, ठिणगीचं टायमिंग दोन डिग्री जास्त राहिलं, किंवा इंधन किंचित कमी पडलं, की नॉकिंग, म्हणजे मिश्रण अवेळी आपोआप पेटणं, सुरू होतं, आणि ब्लोअरच्या इंजिनात नॉकिंग ऐकू येईपर्यंत पिस्टनची कड गेलेली असते. हे सांभाळायला प्रत्येक धावेनंतर आठही प्लग काढून भिंगाखाली बघायची सवय लागते. जमतं, मी करतो. पण ती सवय लावायला एखादं इंजिन खर्ची पडतं, आणि ३९२ चा ब्लॉक त्यासाठी फार मोलाचा आहे.

आता तुमचं ३२७. शेवरलेचं स्मॉल ब्लॉक १९५५ ला आलं, म्हणजे तुमच्या गाडीच्याच वर्षी, २६५ घन इंचांचं. त्या पहिल्या वर्षी ब्लॉकमध्ये ऑइल फिल्टरची सोयही नव्हती. १९५७ ला बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, वाढून २८३ झालं. १९६२ ला बोअर ४ इंच, स्ट्रोक ३.२५ इंच, म्हणजे ३२७. शेवरलेने १९६७ च्या कॅमारो झी-२८ साठी पाच लिटरच्या मर्यादेत बसणारं इंजिन हवं म्हणून ४ इंच बोअरला जुना ३ इंचांचा स्ट्रोक जोडला आणि ३०२ केलं. गंमत अशी की रेसिंगवाल्या पोरांनी ४ इंचाचा बोअर आणि ३ इंचाचा स्ट्रोक हे लग्न त्याच्या आधीच लावलं होतं, फक्त दुसऱ्या वाटेने: २८३ चा ब्लॉक अष्टमांश इंच मोठा बोअर करायचा. ३०१.६ घन इंच होतात, म्हणून त्याला '३०१' म्हणत.

या ३०१ पासून तुम्ही लांब राहा. काही वर्षांपूर्वी एक गृहस्थ माझ्याकडे अशीच पंचावन्नची शेवरले घेऊन आले. इंजिन दुसऱ्या एका दुकानात बांधलेलं, तिसऱ्या धावेला पाणी गायब. ऑइल काढलं तर चहात दूध घातल्यासारखा रंग. हेड उतरवलं, गॅस्केट शाबूत. मग ब्लॉक उघडा करून अल्ट्रासाउंडचा जाडी मोजायचा मीटर लावला. मी प्रत्येक सिलिंडरला वर, मध्ये आणि खाली चार-चार ठिकाणी मोजतो आणि आकडे खडूने तिथेच लिहितो. सात सिलिंडर ठीकठाक. सहाव्यात, पिस्टन ज्या बाजूला रेटतो त्या बाजूला मध्यावर, भिंत ८५ थाउ (इंचाचे हजारावे भाग). मला त्या बाजूला १८० थाउच्या खाली काहीच नको असतं. ओतताना साच्यातला गाभा जरा सरकला असणार. ते सत्तर वर्षांपूर्वीच्या ओतकामात चालायचंच, कोल्हापूरच्या फाउंड्रीतही सरकलेला गाभा मी पाहिलाय. पण बोअर करण्याआधी कुणी मोजलंच नव्हतं. भिंतीत केसाएवढी चीर, तीन इंच लांब. लायनर घालून ते इंजिन वाचवलं, पण क्रँकची मेन बेअरिंगं पाण्याने गेली ती गेलीच.

तुमच्या हाती ३२७ चा ब्लॉक आहे म्हणजे ४ इंचांचा बोअर कारखान्यातूनच मिळालेला आहे, आणि भिंतीही त्या हिशोबाने ओतलेल्या. फक्त तो १९६२ ते ६७ मधला लहान जर्नलचा (जर्नल म्हणजे क्रँकचा बेअरिंगमध्ये फिरणारा भाग) ब्लॉक असला पाहिजे, ज्यात मेन जर्नल २.३० इंच. १९६८ पासून जर्नल मोठे झाले, २.४५ इंच, त्यात २८३ चा क्रँक सरळ बसत नाही. ब्लॉकचा ओतीव क्रमांक मागच्या बाजूला, बेलहाउसिंगच्या कडेवर, चालकाच्या बाजूच्या हेडमागे असतो. ३७८२८७० असेल तर तो सुरुवातीच्या वर्षांचा ३२७ आहे, डोळे झाकून घ्या, पण जाडी मोजल्याशिवाय मशिनवर चढवू नका. २८३ चा क्रँक घेताना ओतीव नको, घडाईचा स्टीलचा घ्या. ओळख सोपी आहे: ओतीव क्रँकच्या अंगावर साच्याच्या जोडाची रेघ बारीक असते, घडाईच्या क्रँकवर ती चांगली बोटभर रुंद पट्टी दिसते. घेतला की आधी चीर तपासून घ्या आणि सरळपणा मोजा.

पिस्टनचा हिशोब इथे करून दाखवतो, कारण ३०२ बांधताना बहुतेकांची चूक इथेच होते. एका सिलिंडरची भर ६१८ घन सेंटिमीटर. ११ ला १ काँप्रेशन हवं तर पिस्टन वर असताना उरलेली जागा ६१.८ सीसी असायला हवी. जुन्या 'डबल हंप' लोखंडी हेडमधली पोकळी ६४ सीसी. गॅस्केटची जागा साधारण ८, पिस्टनच्या वर ब्लॉकमध्ये उरते ती ३. झाले ७५. म्हणजे पिस्टनचा घुमट १३ सीसीचा हवा. एवढाच. कॅटलॉग बघून त्याच्या दुप्पट घुमटाचा पिस्टन घेणारे भेटतात, मग हेड घासून आणखी काँप्रेशन वाढवतात आणि पंपाच्या पेट्रोलवर नॉकिंगची तक्रार घेऊन येतात. ११ ला १ आणि लोखंडी हेड असेल तर रेसिंगचं चांगल्या ऑक्टेनचं पेट्रोलच घाला, पंपाचं नको. घुमट किती ते कागदावर मानू नका. काचेच्या ब्युरेटने, वर पारदर्शक पत्रा ठेवून, पातळ तेल भरून स्वतः मोजा. आठही पोकळ्या अर्ध्या सीसीत जुळवल्या की इंजिन कमी फेऱ्यांवरही शांत चालतं.

हेड २.०२ इंचांच्या इनटेक वाल्व्हचं घ्या. कॅम सॉलिड टॅपेटचा. शेवरलेचा स्वतःचा '३०-३०' कॅम, ज्याचं टॅपेट सेटिंग दोन्ही बाजूंना ३० थाउ असतं, तो अजूनही या इंजिनाला शोभतो, आणि सकाळी धावपट्टीवर फीलर गेज घेऊन टॅपेट लावण्यात जे समाधान आहे ते कुठल्याही हायड्रॉलिक कॅममध्ये नाही. वाल्व्ह स्प्रिंग मात्र दर हंगामात टेस्टरवर दाबून बघा. गिअर चुकला की ३०२ क्षणात ९,००० पार करतं, आणि तेव्हा सगळी लाज स्प्रिंगच राखते. रॉड आणि बोल्ट आजच्या काळातले चांगल्या स्टीलचे घालायला मी मागेपुढे पाहत नाही. बाहेरून दिसणारं सगळं जुनं ठेवा, आतला जो तुकडा तुटला तर पायाशी येतो तो नवा घाला.

कार्बोरेटर एकच पुरे. ३०२ घन इंच, ७,५०० फेऱ्या, त्याला मिनिटाला साधारण ६५५ घन फूट हवा लागते. ७८० चा हॉली त्याला भरपूर होतो. दोन कार्बोरेटर दिसायला सुंदर दिसतात, नंतर कधीतरी लावा.

स्मॉल ब्लॉकचा आणखी एक फायदा कुणी बोलत नाही. त्याच्या ऑइल चेंबरचा खोल भाग मागे असतो. स्ट्रेट अ‍ॅक्सल आणि स्टीअरिंगचा दांडा पुढून मोकळे जातात. कुणी तुम्हाला फोर्डचं ३९० किंवा ४२७ सुचवलं तर हे लक्षात ठेवा, त्या गाड्यांत चेंबर बहुधा पुढे खोल असतं, ते नेमकं अ‍ॅक्सलवर येतं. मग चेंबर, ऑइलचा पाइप, सगळं बदला. बाकी फोर्डमध्ये ओव्हरहेड कॅमचं ४२७ अफाटच होतं. आमच्या ओहायोतल्या डेटनचे 'ओहायो जॉर्ज' माँटगोमरी, ज्यांनी आधी १९३३ च्या विलीजमध्ये ब्लोअर लावलेलं छोटं शेवरले घालून मोठमोठ्या इंजिनांना धूळ चारली, ते पुढे त्याच फोर्डकडे गेले. पण त्यांच्या मागे फोर्ड कंपनी होती. मला त्यांच्या आधीच्या काळाचं जास्त कौतुक आहे: हलकी गाडी, छोटं इंजिन, आणि चोख हिशोब.

बिग ब्लॉक ३९६, ४२७, ४५४ वगैरेंवर मी जास्त लिहीत नाही. ३९६ आलं १९६५ ला, म्हणजे काळात बसतं. ४५४ तर १९७० चं. वजनाचं दुखणं तेच. आणि ३५० च्या ब्लॉकमध्ये ४०० चा क्रँक घालून केलेलं ३८३ उत्तम इंजिन आहे, पण गॅसरमध्ये नको, तो काळच वेगळा.

आता मागची बाजू, कारण ३०२ घेऊन मागे चुकीचं क्राऊन-पिनियन (मागच्या आसातली, वेग कमी करणारी दात्यांची जोडी) लावलं तर ते इंजिन बिचारं हाल हाल होऊन मरतं. २९ इंच उंचीचा टायर, धावपट्टीच्या शेवटी ताशी ११५ मैल, आणि ५.४३ चं क्राऊन-पिनियन धरलं तर इंजिन ७,२०० च्या वर फिरत असतं. ३०२ ची खरी जागा तिथेच आहे. ऑल्ड्स असतं तर मी ४.५६ च्या पुढे गेलो नसतो. फोर्डचं ९ इंची डिफरन्शियल १९५७ पासूनचं आहे, म्हणजे काळालाही धरून, आणि त्याला सगळे दात मिळतात. गिअरबॉक्स टी-१० किंवा मन्सी, पहिला गिअर २.४३ ते २.६४ मधला बघा. छोट्या इंजिनाला जड गाडी जागेवरून उचलायला पहिला गिअर खोल लागतो.

त्याच कारणाने फ्लायव्हील जड ठेवा, स्टीलचं, ३० पाउंडांचं. ६,५०० फेऱ्यांवर क्लच सोडला की इंजिनाच्या ताकदीआधी फ्लायव्हीलमध्ये साठलेला जोर गाडीला ढकलतो. इथे एक गोष्ट हात जोडून सांगतो. जुनं ओतीव फ्लायव्हील कितीही चांगलं दिसलं तरी लावू नका. आणि क्लचभोवती स्कॅटरशील्ड, म्हणजे जाड स्टीलचं बेलहाउसिंग, लावल्याशिवाय ७,००० फेऱ्या एकदाही काढू नका, अगदी दुकानाबाहेर नुसतं इंजिन चालवून बघतानासुद्धा. फ्लायव्हील फुटतं तेव्हा ते करवतीसारखं फरशी कापत वर येतं, आणि क्लचची जागा नेमकी तुमच्या पायांच्या रेषेत असते. कॅम एक वर्ष उशिरा घ्या, क्रोमचे पाइप उशिरा घ्या, पण स्कॅटरशील्ड पहिल्या दिवशी.

आता करायचं काय ते सांगतो. येत्या आठवड्यात ३२७ बघायला जाल तेव्हा टॉर्च, लोखंडी ब्रश आणि चुंबक लावलेला छोटा आरसा सोबत न्या. बेलहाउसिंगच्या कडेवरची काजळी ब्रशने घासा, आरशात क्रमांक वाचा आणि लिहून घ्या. हेड उतरवलेलं असेल तर बोअर मोजा. ४.०३० पर्यंत चालेल, तेव्हा इंजिन ३०६ होतं आणि काही बिघडत नाही. ४.०६० असेल तर जाडी मोजून देण्याच्या अटीवरच बोला. लिफ्टरच्या दरीत, हेडच्या कडांवर आणि मेन कॅपच्या भोवती गोठलेल्या पाण्याच्या चिरा आहेत का ते बोटाने चाचपा. विकणारा जाडी मोजू देत नसेल तर दुसरा ब्लॉक शोधा. हे इंजिन लाखोंनी बनलंय, चांगला ब्लॉक मिळतोच.